एक मांडी लेकराची, एक मांडी कोशाची

"बाळाला दर तीन तासांनी पाजावं," असं मी बोडीटोल्याच्या बायकांना पुस्तकातून वाचून दाखवलं, तेव्हा भागरताबाईने अगदी गंभीर चेहऱ्याने विचारलं, "अन् तीन तास झाले, थे लेकराले कोन सांगते?"

सगळ्या हसल्या. मला राग आला. मला तेव्हा फार लवकर राग यायचा; आजही येतो, पण आता तो वयाला शोभतो. १९५७ साल होतं. मी बावीस वर्षांची, बिनलग्नाची, आयुष्यात एकाही बाळाला आंघोळ न घातलेली ग्रामसेविका. नोकरीला लागले मध्य प्रदेशात आणि वर्षाच्या आत, जागची न हलता, मुंबई राज्यात गेले. चांदा जिल्हा मात्र होता तिथंच होता, आणि आरमोरीपासून दोन कोसांवरचा बोडीटोलाही. माझं काम असं, की गावात महिला मंडळ काढायचं, मातांनी एकत्र बसून आपले अनुभव एकमेकींना सांगायचे, आणि मी त्याचा अहवाल दर महिन्याला छापील तक्त्यात भरून पाठवायचा. शाळेच्या ओसरीवर मी सतरंजी अंथरून बसे. सतरंजीवर मी आणि शाळेतली कुत्री. चार महिने उपस्थितीच्या रकान्यात मी शून्य लिहिलं.

माता सगळ्या भागरताबाईच्या अंगणात असत. शेवटी हात टेकून मीच तिकडे जायला लागले.

बोडीटोला ढिवरांचं गाव. पावसाळ्यात मासे आणि वर्षातून दोनदा कोसा, म्हणजे रानातलं रेशीम, यावर गाव जगे. गडी रानात ऐनाच्या झाडांवर कोशाच्या अळ्या वाढवत आणि बायका घरी कोसा उकळून धागा काढत. तो धागा आरमोरीचे विणकर नेत. राखेच्या पाण्यात शिजलेले पाच-सहा कोसे पुढ्यात घ्यायचे, त्यांची टोकं एकत्र धरायची आणि उघड्या मांडीवर तळहाताने वळत वळत धागा ओढून फिरकीवर गुंडाळायचा. उकळत्या कोशाचा वास असा, की पहिल्या दिवशी मी पदर नाकाला लावून बसले होते. लुगडं मांडीपर्यंत वर घेतल्याशिवाय हे काम होतच नाही. म्हणून गावचा कोणताही पुरुष, अगदी घरधनीसुद्धा, कुडाबाहेर खाकरल्याशिवाय आणि आतून "या" ऐकल्याशिवाय त्या अंगणात पाऊल टाकत नसे. त्यामुळे तिथे बायका जे बोलत, ते गावात दुसरीकडे कुठेच बोलत नसत.

भागरताबाई तिशी ओलांडलेली, उंच, हाडापेराने मोकळी आणि जिभेने त्याहून मोकळी. तिला तीन मुली. तुळसा, गिरजा आणि तीन वर्षांची बाली. डाव्या मांडीवर वर्षानुवर्षं धागा वळून एक गुळगुळीत काळा डाग पडला होता आणि उजव्या मांडीवर बाली झोपलेली असे. "एक मांडी लेकराची, एक मांडी कोशाची," ती म्हणायची. "देवानंच वाटनी करून देल्ली. नवऱ्यासाठी तिसरी नाई ठेवली, थो रानात जाते."

त्या अंगणात मी काय काय ऐकलं! तिकडच्या बायका स्वतःलाही पुरुषासारखं 'मी जातो, मी होतो' म्हणत, तेही हळूहळू कानाला सरावलं. कमळा आपल्या रांगत्या मुलाच्या पायाला कोशाच्या टाकाऊ धाग्याची दोरी बांधून ती खांबाला अडकवून ठेवी, कारण "तुटत नाई अन् रुततबी नाई." सत्तरीची इतवारीबाई नऊ बाळंतपणांची, हाती राहिलेली लेकरं चार. ती एकदा धागा वळता वळता सांगत होती, की मूल गेल्यावर छातीत दूध दाटतं त्याचं काय करायचं. सगळ्या ऐकत होत्या, कोणाचा हात थांबला नाही. मी पेन्सिल काढली आणि परत ठेवून दिली. त्यासाठी माझ्या तक्त्यात रकाना नव्हता. मला त्या दिवशी त्या तक्त्याची मनापासून लाज वाटली.

पण एका गोष्टीवरून माझं डोकं फिरायचं. या बायकांनी हजारो कोसे हाताळले होते, पण त्यांच्यापैकी एकीनेही जिवंत अळी पाहिलेली नव्हती. असं त्या सांगत तरी. अळ्या झाडावर सोडल्या की गडी दीड महिना रानातल्या आपल्या बनात खोपडी बांधून राही. दाढी नाही, तेल नाही, एक वेळ जेवण, जमिनीवर झोप. त्या बनात बाईने पाऊल टाकायचं नाही. एकाने दुसऱ्याच्या बनातही जायचं नाही, रोग पसरतो म्हणून. बाई बनात गेली तर तिच्याच घरचं नव्हे, गावातल्या सगळ्या बनांमधलं पीक मरतं, आणि अशा घराला जातीबाहेर टाकतात. मग त्या घरच्या मुली कोणी करून घेत नाही. गंमत म्हणजे गडी त्या अळ्यांना 'पोरं' म्हणत. "पोरं जेवून राह्यली", "पोरं मोठी झाली." भागरताबाई म्हणायची, "बाईनं पाह्यलं का पोरं मरतेत म्हन्तेत. मंग घरची कोन पाह्यते व?"

या नेमाचा राखणदार होता मुखरूभाऊ, जातीचा पंच आणि इतवारीबाईचा थोरला मुलगा. माणूस वाईट नव्हता; वाद असला की दोन्ही बाजू ऐकून घेई. पण बनाचा विषय निघाला की त्याची मान ताठ होई. "पाच वर्साचा होतो," तो मला भेटेल तेव्हा सांगे, "बापाच्या खांद्यावर बसून बनात गेलो. तवापासून एक साल खंड नाई."

आश्विन लागला आणि भागरताबाईचा नवरा लच्छू बनातच हिवतापाने पडला. कसाबसा चालत गावच्या वाटेपर्यंत आला आणि तिथे कोसळला. माझ्याजवळच्या कोयनेलच्या गोळ्यांनी ताप हटेना. शेवटी बैलगाडी जुंपून भागरताबाई आणि मी त्याला आरमोरीच्या दवाखान्यात घेऊन निघालो. मुली इतवारीबाईकडे ठेवल्या. गाडीत लच्छू तापात एकच बडबडत होता, "पोरं उपाशी हायेत. पोरं उपाशी."

"पोरी जेवल्या," भागरताबाई त्याच्या कपाळावरची ओली पट्टी उलटत म्हणाली. "इतवारीमायनं खिचडी देल्ली."

"त्या नाई व," लच्छू म्हणाला. "थे."

मला त्या माणसाचा संताप आला. मरायला टेकला आहे आणि विचारतो कोणाला, तर अळ्यांना!  भागरताबाई मात्र सारा रस्ता गप्प होती, आणि तिला गप्प मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

डॉक्टरांनी पंधरा दिवस तरी लागतील म्हणून सांगितलं. भागरताबाईची विधवा बहीण आरमोरीतच राहायची, ती डबा आणि उशापायथ्याचं बघणार होती. दवाखान्याच्या पायरीवर भागरताबाईने मला बाजूला घेतलं.

"शेविकाबाई, त्याले ना भाऊ, ना पोरगा. दुसरा गडी त्याच्या बनात जात नाई. अजून दोन दिवस कोनी नाई राह्यलं, तं कावळे सारं साफ करतीन. अन् थे बियानं त्याच्या आज्यापासूनचं हाय. यंदा गेलं तं पुढं सोडाले काईच नाई." तिने रानाकडे बघत पदर खोचला. "गावात सांगजा, भागरता नवऱ्यापाशी आरमोरीले हाय."

मी म्हटलं, "कळलं तर?"

"तं तीन पोरी माया घरातच म्हाताऱ्या होतीन," ती म्हणाली. "मले मालूम हाय."

ती रानवाटेने गेली. मी रिकाम्या गाडीतून गावात परतले. वेशीवर आपल्या बनातून शिदोरी न्यायला आलेल्या मुखरूभाऊने विचारलं, "भागरता हाय ना लच्छूपाशी?" मी म्हटलं, "आहे." सरकारी नोकरीतलं माझं पहिलं खोटं. पचलं की नाही ते बघायला मी मागे वळलेसुद्धा नाही.

एक दिवसाआड मी खतखड्डे मोजायच्या निमित्ताने रानाकडे जाई आणि पिशवीतून भाकरी नेई. ती मला बनाच्या कडेवरच थांबवी. "तुमीबी बाईच. एकीचं पाप पुरे हाय." शेजारच्या बनांतले गडी कावळे उठवायला "हो हो हो" अशी आरोळी ठोकत. हिला ओरडायची सोय नव्हती. बाईचा आवाज रानात लगेच ओळखू येतो. म्हणून ती दिवसभर तोंड मिटून फुटका डबा वाजवी आणि लच्छूची गुलेल चालवी. पहिल्या दिवशी तिच्या खड्यांनी ऐनाची पानंच पाडली. चौथ्या दिवशी तिने मला हिरवी बोटाएवढी अळी लांबून दाखवली आणि म्हणाली, "पाहा व, कशी खाते! बाली बी अशीच खाये, दोन्ही गालात भरून." तिचा चेहरा असा फुलला होता, की पकडली जाण्याची भीती मलाच वाटत होती, तिला नाही.

सहाव्या दिवशी भर दुपारी ती माझ्या खोलीच्या मागच्या दाराने आत आली. धापा टाकत होती, ओठ पांढरे पडले होते.

"मेली," ती म्हणाली. "सारीच्या सारी मेली, बाई. सकाळपासून एक खात नाई, हालत नाई. मी हात लावून पाह्यला. मी मारलं त्याइले."

मी काय सांगणार? माझ्याकडे खरूज, खतखड्डा आणि बाळाचं वजन यांवर पुस्तिका होत्या. मी तिला पाणी दिलं आणि म्हटलं, गप्प राहा, कोणाला कशाला कळायला हवं?

तेव्हा तिने माझ्याकडे जे पाहिलं, ते अजून डोळ्यांपुढे आहे. "अन् बाकीच्याइचे बन? माया पापानं त्याइचीबी मरतीन, तं सांगाले नोको? त्याइच्या घरी लेकरं नाईत का? मुखरूभाऊले सांगतो. पूजा मांडतीन, कायतरी करतीन. आंधी बालीले पाहून घेतो."

मी तिच्या मागे धावले. ती सरळ आपल्या अंगणात गेली. तिथे नेहमीप्रमाणे हांडी रटरटत होती आणि बायका धागा ओढत होत्या. आरमोरीला असलेली भागरता दारात उभी, केसांत पानं अडकलेली, पायांवर ओरखडे. बालीने धावत येऊन तिच्या पायाला मिठी मारली. भागरताबाईने उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. काही लपवलं नाही.

सगळ्यांचे तळहात मांड्यांवर थांबले.  मी म्हटलं, झालं, आता एकजण उठेल आणि रानाच्या कडेवरून मुखरूभाऊला हाक मारेल.

इतवारीबाईने फिरकी खाली ठेवली.

"लटकून राह्यलेत का?" तिने विचारलं.

"नाई."

"खाली पडले?"

"नाई. फांदीले चिकटून हायेत."

"डोस्कं वर करून हायेत का, देवाले पाह्यल्यासारखं?"

"हो."

"मंग झोपले ना व, येडे!" म्हातारी म्हणाली. "चौथी झोप हाय थे. मेलेलं पोर लटकते. झोपलेलं डोस्कं वर ठेवते."

"दोन दिस झोपतेत," पलीकडून कमळा बोलून गेली. "मंग कातडं टाकतेत अन् असे खातेत का आवाज येते."

आता सगळ्यांनी कमळाकडे पाहिलं. कमळा एकदम फिरकीकडे बघू लागली, पण तिचे कान लाल झाले होते. मग कोपऱ्यातली आणखी एक, जी महिन्यात चार शब्द बोलत नसे, ती म्हणाली, "कातडं टाकताना हात नाई लावाचा. मी लावला होता. सात मेले."

मग एकेकीचं बाहेर पडलं. म्हणजे इतवारीबाई बनात गेली होती, नवऱ्याला देवी आल्या त्या साली. कमळा गेली होती, नवरा कोर्टाच्या कामाला चांद्याला अडकला तेव्हा. ती तिसरीही गेली होती. प्रत्येकीने वर्षानुवर्षं मनात धरलं होतं, की सबंध गावात एकटी आपणच पापी. त्याच अंगणात रोज मांडीला मांडी लावून बसत होत्या. बाळंतपणं सांगत होत्या, सासू सांगत होत्या, मेलेली लेकरं सांगत होत्या. एवढं एक सांगितलं नव्हतं. पहिल्यांदा कोण हसलं ते मला आठवत नाही. पण मग त्या अशा हसल्या, की कमळाचं मूल दोरीसकट घाबरून रडायला लागलं. भागरताबाई मात्र कुडाला टेकून खाली बसली आणि हमसून हमसून रडली. मीही रडले. का ते विचारू नका.

"ऊठ," इतवारीबाई म्हणाली. "झोपेतबी मुंग्या लागतेत. खोडाले राख फास. जा लवकर."

दोन दिवसांनी पोरं जागी झाली. सतराव्या दिवशी लच्छू काठी टेकत आरमोरीहून थेट बनात आला. काय झालं ते मला भागरताबाईनेच नंतर सांगितलं. तो कडेवर उभा राहिला, झाडं पाहिली, मग हिच्या हातातली गुलेल पाहिली.

"कावळे?" त्याने विचारलं.

"तीन पाडले."

त्याने हात जोडले. बनाला जोडले की तिला, ते तिला कळलं नाही, आणि त्याने सांगितलंही नाही.

कोसे उतरले. लच्छूचे तर भरघोस उतरलेच, पण गावातल्या एकाही बनाला काही झालं नव्हतं. पुन्हा अंगण भरलं, हांड्या चढल्या. मीही एव्हाना लुगडं वर खोचून, धागा तोडत, शिव्या खात बसायला लागले होते. अशाच एका दुपारी कुडाबाहेर खाकरण्याचा आवाज आला. बायकांनी लुगडी खाली ओढली. मुखरूभाऊ आत आला. त्याच्या तळहातावर हिरव्या काचेच्या बांगडीचा तुकडा होता.

"पीक उतरलं तवा लच्छूच्या खोपडीपाशी भेटला," तो म्हणाला. त्याचा आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्तच भीती वाटली. "मी कोनाचं वाईट चितत नाई. पन नेम माया घरचा नाई, जातीचा हाय. कोनाची हाय थे सांगा."

भागरताबाईच्या हातात हिरव्या बांगड्या होत्या. सगळ्यांना दिसत होत्या. तिने बालीला मांडीवरून खाली ठेवलं, फिरकी बाजूला केली आणि उठायला जमिनीवर हात टेकला.

"इकडं आन पाहू," इतवारीबाई म्हणाली. तिने मुलाच्या हातून तुकडा घेतला आणि डोळ्यांजवळ धरून उलटसुलट पाहिला. "नाई. ही माही नाई. माया तवा लाखीच्या होत्या, लाल."

मुखरूभाऊला काही उमजलं नाही. "तवा? कवा?"

"तुया बापाले देवी आल्या तवा."

"अन् मी तं काढूनच ठेवल्या होत्या," कमळा फिरकीकडे बघत पुटपुटली.

मुखरूभाऊ आईकडे वळला. "बाबा पडला होता तं बनात गंगारामकाका होता म्हनत होतीस."

"गंगारामकाकाले त्याच साली सापानं खाल्लं. थो कुठून येईन? मीच होतो. एक महिना अन् चार दिस." म्हातारीने तुकडा त्याच्या तळहातावर परत ठेवला. "तू सांगत राह्यतेस साऱ्या गावाले, बापाच्या खांद्यावर बसून बनात गेलो. गेला, पाच वर्साचा होता तवा. पन त्याच्या आंधीच गेला होता तू. दोन वर्साचा होता. माया पाठीवर बांधला होता तुले. घरी कोनापाशी ठेवू? अन् त्या साली जे पिकलं, थेच खाऊन तू मोठा झाला."

मला वाटलं, आता हा ओरडेल. पंच होता, चार लोकांत मान होता, आणि त्या मानाखालची जमीन त्याच्या आईने बायकांच्या देखत काढून घेतली होती. मला त्याची पहिल्यांदाच कीव आली. तो उभ्याचा हळूहळू खाली बसला, त्या अंगणात, जिथे पुरुष कधी बसला नव्हता. 

मग त्याने आईला अगदी हळू विचारलं, "रडत होतो का व मी, बनात?"

"नाई रे," इतवारीबाई म्हणाली. "पोरं पान खाये, त्याचा आवाज ये, बारीक पानी पडल्यासारखा. थे आयकत तू झोपून राहे."

त्याने मान हलवली. उठला आणि तो तुकडा हांडीखालच्या विस्तवात टाकला. कुडाशी गेल्यावर तो थांबला, पण मागे वळला नाही.

"लच्छूचे पाय अजून कापतेत," तो म्हणाला. "येत्या सालची पोरं सोडाची हायेत. त्याच्या बनात कोन राहीन, थे भागरताले इचारून ठेवा."

त्याची पावलं लांब गेली तशी बायकांनी लुगडी पुन्हा वर घेतली. भागरताबाईने बालीला उचलून उजव्या मांडीवर निजवलं, डाव्या मांडीला राख फासली आणि धागा धरला. धागा दोनदा तुटला, तिने तो परत जोडला.

"शेविकाबाई," ती म्हणाली, "तुमच्या कागदात काय लिवसान आता?"

मी खोलीवर जाऊन तक्ता काढला. उपस्थितीच्या रकान्यात अकरा लिहिलं. चर्चेच्या विषयाच्या रकान्यात बराच विचार करून 'बालसंगोपन' एवढंच लिहिलं आणि खाली सही केली.